वायुदाब, वारा आणि स्ट्राइप्ड बास : हवामान पाहून मासेमारीची वेळ कशी ठरवावी

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बास (अंगावर पट्टे असलेला शिकारी मासा, थोडक्यात बास) पकडणाऱ्यांमध्ये बॅरोमीटरविषयी, म्हणजे वायुदाब मोजणाऱ्या यंत्राविषयी, एक ठाम समजूत आहे. दाब उतरू लागला की हा मासा आमिषावर तुटून पडतो, आणि दाब चढून आकाश निरभ्र झाले की दोन दिवस तोंड उघडत नाही, असे सांगितले जाते. या समजुतीमागचा अनुभव खरा आहे. कारण मात्र बहुतेक वेळा चुकीचे दिले जाते, आणि कारण चुकले की निर्णयही चुकतो. केवळ आकड्यावर विसंबणारा माणूस ऑक्टोबरमधल्या उत्तम रात्री घरी बसतो आणि एप्रिलमधल्या गारठलेल्या दुपारी उगाच भिजून परत येतो.

वायुदाबाचा उपयोग आपल्याला आहे, माशाला त्याचे फारसे देणेघेणे नाही. पुढच्या बारा ते छत्तीस तासांत वारा कोणत्या दिशेला वळेल, ढग केव्हा भरतील, लाटा केव्हा उठतील आणि पाणी केव्हा गढूळ होईल, याची आगाऊ वर्दी दाबाच्या चढउतारातून मिळते. मासा प्रतिसाद देतो तो वारा, उजेड, प्रवाह आणि पाण्याचे तापमान यांना. हा संबंध नीट लक्षात घेतला तर बॅरोमीटरसारखे दुसरे साधन नाही, असे माझे मत आहे.

दाबाचा माशावर थेट परिणाम किती?

समुद्रसपाटीवरचा प्रमाण वायुदाब १०१३.२५ हेक्टोपास्कल, म्हणजे पाऱ्याच्या भाषेत २९.९२ इंच असतो. पाण्यात सुमारे दहा मीटर खाली गेले की आणखी एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजेच एक हेक्टोपास्कल हा साधारण एक सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतका असतो. शरद ऋतूतल्या एखाद्या जोरदार वादळी प्रणालीने दिवसभरात २५ हेक्टोपास्कल दाब उतरवला, तरी माशाच्या दृष्टीने तो सुमारे २५ सेंटिमीटर वर सरकण्यासारखा बदल झाला. न्यू जर्सीच्या सँडी हूकजवळ भरती-ओहोटीतला फरकच सरासरी १.४ मीटरच्या आसपास असतो आणि बॉस्टनला तो जवळजवळ २.९ मीटर असतो. तळाशी स्थिर उभा असलेला बास दर सहा तासांनी याहून कितीतरी मोठा बदल सोसतो, आणि मेनहेडन या लहान माशांच्या थव्यावर झडप घालण्यासाठी सहा मीटरवरून पृष्ठभागावर येणारा बास काही क्षणांत त्या २५ सेंटिमीटरच्या वीसपटीहून अधिक बदलातून जातो.

आणखी एक गोष्ट या हिशेबात सहसा धरली जात नाही. हवेचा दाब सावकाश कमी झाला की खुल्या समुद्राची पातळी जवळपास त्याच प्रमाणात, म्हणजे प्रत्येक हेक्टोपास्कलमागे सुमारे एक सेंटिमीटर, वर येते. हवेचे ओझे कमी झाले तरी वर पाणी वाढलेले असते, आणि तळाजवळच्या माशावरचा एकूण दाब फारसा बदलत नाही. बासचे वाताशय (तरंगायला मदत करणारी पोटातली वायूची पिशवी) बंद प्रकारचे असते, त्यातला वायू रक्तावाटे हळूहळू कमीजास्त होतो, हे खरे आहे. पण ज्या प्राण्याला रोजच्या भरती-ओहोटीबरोबर जगायचे आहे त्याला चार-पाच हेक्टोपास्कलने पोटात त्रास होऊन तो खाणे सोडतो, हे स्पष्टीकरण या आकड्यांपुढे टिकत नाही.

आकडा नव्हे, कल वाचावा

१०१५ हा दाब चांगला की वाईट, या प्रश्नाला उत्तर नाही. तो १०२४ वरून उतरत १०१५ ला आला असेल तर वारा पाठोपाठ येत आहे; १००२ वरून चढत तिथे पोचला असेल तर वादळ निघून गेले आहे. त्यामुळे नेहमी तीन तासांतला फरक पाहावा. तीन तासांत एक हेक्टोपास्कलपर्यंतचा फरक सोडून द्यावा, कारण सूर्याच्या तापण्यामुळे वायुदाबात रोज दोनदा लहानसा चढउतार होतच असतो : सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो किंचित वर असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास किंचित खाली. दुपारी दोन वाजता दाब जरासा घसरलेला पाहून वादळाची आशा धरणाऱ्यांची फसगत इथेच होते. तीन तासांत दीड ते साडेतीन हेक्टोपास्कलची घसरण दोन-तीन वाचनांत सलग दिसली तर प्रणाली खरोखर जवळ येत आहे असे समजावे. त्याहून वेगाने दाब कोसळत असेल, तर मासेमारीच्या संधीआधी परतीच्या वाटेचा विचार करावा.

हा कल पाहण्यासाठी अमेरिकेत उत्तम साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. राष्ट्रीय डेटा बॉय केंद्राचे तरंगते बोये वाऱ्याची दिशा व वेग, लाटांची उंची, दोन लाटांमधला अवधी, पाण्याचे तापमान आणि वायुदाब यांची माहिती सतत पाठवतात, आणि दाबाच्या आकड्यासोबत तीन तासांतला फरकही स्वतंत्र देतात. लाँग आयलंडच्या दक्षिणेचा ४४०२५, न्यू यॉर्क बंदराच्या तोंडाशी असलेला ४४०६५ आणि बॉस्टनच्या पूर्वेचा ४४०१३ हे बोये या माशासाठी विशेष उपयोगाचे आहेत. मनगटावरचे घड्याळ किंवा फोनमधला संवेदक वापरत असाल, तर तो त्या जागेचा प्रत्यक्ष दाब दाखवतो की समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला, हे आधी तपासावे. सुमारे आठ मीटर उंचीमागे एक हेक्टोपास्कल कमी होतो. टेकडीवरच्या घरातून किनाऱ्यावर उतरलेल्या माणसाला दाब चढल्यासारखा दिसतो, आणि हवामानात मात्र काहीच बदललेले नसते.

एक शीत आघाडी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

ऑक्टोबरच्या मध्यात न्यू जर्सी किंवा लाँग आयलंडच्या किनाऱ्यावरून जाणारी एक सर्वसाधारण शीत आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, घेऊ, कारण दाब, वारा आणि मासा यांचे नाते तिच्यात सर्वांत स्पष्ट दिसते.

पहिल्या दिवशी जास्त दाबाचे क्षेत्र पूर्वेकडे समुद्रावर सरकलेले असते. दाब १०२४ च्या आसपास, वारा मंद आणि दिशाहीन, पाणी काचेसारखे स्वच्छ. अशा दिवशी उन्हात बास उथळ पाण्यात थांबत नाही. तो खोल खळग्यात, पुलांच्या सावलीत किंवा दगडी बंधाऱ्याच्या पायथ्याशी दबून असतो. दिवसा वेळ घालवण्यापेक्षा रात्री जावे, बारीक आकाराचे नीडलफिश (सुईसारखे लांबट कृत्रिम आमिष) किंवा मऊ रबरी आमिष अगदी सावकाश ओढावे, किंवा जिवंत ईल (सापासारखा लांब मासा) सोडावी. संध्याकाळी पश्चिमेकडे उंचावर पिंजलेल्या कापसासारखे पांढरे ढग दिसू लागले, वारा आग्नेयेकडून येऊ लागला आणि दाबाची रेषा खाली वळली, की दुसऱ्या दिवसाची तयारी करावी.

दुसऱ्या दिवशी दर तीन तासांना दोनेक हेक्टोपास्कल दाब उतरत असतो. आग्नेय वारा १० ते १५ नॉटवर (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) पोचतो, ढग दाट होतात, वाळूच्या दांड्यांवर लाटा फुटू लागतात आणि किनाऱ्यालगत फेसाचा पट्टा तयार होतो. बासची खरी वेळ ती हीच. ढगांमुळे उजेड कमी झालेला असतो आणि पहाटेचा मंद प्रकाश जणू दुपारपर्यंत टिकतो. फेसाळ पाण्यात सिल्व्हरसाइड, मलेट असे लहान मासे आणि मेनहेडनची पिल्ले यांचा तोल जातो. रुंद शेपटीच्या आणि जाड मानेच्या बासला तेच पाणी सोयीचे पडते. पार्श्वरेखेने (अंगाच्या दोन्ही बाजूंवरच्या संवेदी रेषेने) पाण्यातली हालचाल टिपणारा हा मासा डोळ्यांना काही दिसत नसतानाही भक्ष्य शोधतो. म्हणजे दाब उतरत असताना मासा खातो हे निरीक्षण बरोबरच आहे. ही सगळी परिस्थिती त्याच वेळी जुळून आलेली असते, म्हणून तो खातो.

या टप्प्यात फार वेळ एका जागी उभे राहू नये. दांड्याला जिथे खिंड पडली आहे, जिथून लाटांनी आत आणलेले पाणी परत समुद्राकडे वाहते, तिथे आमिष आडवे फेकून प्रवाहाबरोबर वाहू द्यावे. पाणी खवळले की हलके आमिष लाटेबरोबर फरफटत येते आणि मासा त्याकडे वळत नाही. अशा वेळी पाणी धरून राहणारा बॉटल प्लग (बाटलीच्या आकाराचे कृत्रिम आमिष) किंवा दीड ते दोन औंसाचे बकटेल जिग (वजनदार डोक्याचे, केसांचा झुपका लावलेले आमिष) घ्यावे आणि गढूळपणा वाढत जाईल तसा रंग अधिक गडद, आकार अधिक मोठा करावा. आमिष खेचताना दोरीवर सतत किंचित ताण जाणवला पाहिजे. लाट पुढे आली की रील थोडे जलद आणि लाट मागे सरकली की थोडे सावकाश फिरवल्याने तो ताण टिकतो.

ही संधी अमर्याद नसते. वारा दक्षिण-नैऋत्येला वळून २० नॉटच्या वर गेला, पाण्यात वाळू मिसळून ते चहाच्या रंगाचे झाले आणि प्रत्येक फेकीला गळावर समुद्री शेवाळाची जुडी येऊ लागली, की खुला किनारा सोडावा. खाडीच्या मुखाच्या आतल्या बाजूला, वाऱ्यापासून आडोसा असलेल्या पुलाखाली किंवा उपसागराच्या काठावर तोच मासा आणखी काही तास मिळू शकतो.

मग आघाडी सरकते. काही मिनिटांत वारा वायव्येकडे फिरतो, दाबाची रेषा एकदम वर उसळते, गारठा पडतो आणि ढग फाटून ऊन येते. गोड्या पाण्यात मासेमारी करणाऱ्यांकडून आलेला नियम सांगतो की आता दोन दिवस घरी बसावे. समुद्रातल्या बासच्या बाबतीत, आणि तेही शरद ऋतूत, हा नियम मला अजिबात मान्य नाही. आघाडी गेल्यानंतरची पहिली सकाळ खरोखर कठीण असते, कारण जमिनीवरून येणारा वारा लाटा चेपून टाकतो आणि ऊन स्वच्छ पाण्याच्या तळापर्यंत पोचते. परंतु त्याच वायव्य वाऱ्याने मागच्या उथळ खाड्या रातोरात थंड होतात, त्यांतले मलेट आणि मेनहेडनचे थवे बाहेर पडू लागतात आणि ओहोटीच्या पाण्याला वाऱ्याची जोड मिळाल्याने ते अधिक जोराने, अधिक वेळ समुद्राकडे वाहते. आघाडीनंतरच्या पहिल्या आणि दुसऱ्या रात्री खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या दुसऱ्या अर्धात उभे राहावे. दाब चढत असतो, आकाशात तारे लखलखत असतात, आणि स्थलांतराच्या दिवसांतला बास नेमका याच वेळी तोंडाशी येऊन थांबतो.

नॉर्थईस्टर आणि दूरची चक्रीवादळे

किनाऱ्याला समांतर वर सरकणारे कमी दाबाचे क्षेत्र ईशान्येचा वारा दोन-तीन दिवस चालू ठेवते; त्यालाच तिथे नॉर्थईस्टर म्हणतात. २१ सप्टेंबर १९८२ च्या वादळी रात्री अटलांटिक सिटीच्या दगडी बंधाऱ्यावरून अल मॅकरेनॉल्ड्स यांनी ७८ पौंड ८ औंसाचा बास काढला. तो जागतिक विक्रम ऑगस्ट २०११ मध्ये कनेटिकटच्या किनाऱ्याजवळ ग्रेग मायरसन यांनी मोडेपर्यंत टिकला. एका माशावरून नियम काढू नये. तरीही फेसाळ पाण्यात, दगडांच्या अगदी जवळ, थोराड बास शिकारीला येतो ही गोष्ट त्या रात्रीने ठळकपणे दाखवली.

नॉर्थईस्टरच्या ऐन भरात खुल्या किनाऱ्यावर बहुधा मासेमारी होतच नाही. पहिले सहा-आठ तास आणि शेवटची उतरती बाजू, एवढेच कामाचे असते. वारा पश्चिमेला वळल्यावर पाण्याचा रंग तपकिरीतून हिरवट होईपर्यंत वाट पाहावी. याला एक दिवसही पुरतो, कधी तीन दिवस लागतात. वाळू आणि चिखल यांच्या प्रमाणावर ते ठरते.

चक्रीवादळाबाबत बॅरोमीटर दगा देऊ शकते, ही गोष्ट गंभीरपणे लक्षात ठेवावी. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात शेकडो मैल दूर असलेल्या वादळाच्या लाटा दोन-तीन दिवस आधी किनाऱ्यावर पोचतात. त्या वेळी दाब स्थिर असतो, ऊन पडलेले असते, वारा नसतो. बोयावर मात्र दोन लाटांमधला अवधी १२ ते १५ सेकंदांचा दिसतो. अशा लाटा दहा-पंधरा मिनिटे शांत राहून अचानक बंधाऱ्यावरून वाहून जातात. अवधी वाढलेला दिसला तर त्या दिवशी दगडांवर चढू नये.

वाऱ्याची दिशा किनाऱ्याच्या तोंडावर अवलंबून

कोणता वारा चांगला, हे किनारा कोणत्या दिशेला तोंड करून आहे त्यावर ठरते. न्यू जर्सी आणि केप कॉडची बाहेरची बाजू पूर्वेकडे पाहते, तर लाँग आयलंडचा दक्षिण किनारा आणि ऱ्होड आयलंडचा समुद्रकिनारा दक्षिणेकडे. नैऋत्य वारा लाँग आयलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाटा उठवतो, त्याच वेळी केप कॉडच्या बाहेरच्या बाजूला समुद्र सपाट असतो. वायव्य वाऱ्याने दक्षिण किनारा शांत होतो, पण लाँग आयलंड साउंड या आतल्या समुद्रपट्ट्याला लागून असलेला उत्तर किनारा त्याच वाऱ्याला सामोरा असतो आणि तिथे छान फेस तयार होतो. दाबाच्या कलावरून वारा कुठे वळणार हे कळले, की बारा तासांनंतर कोणत्या किनाऱ्यावर उभे राहायचे हे आदल्या रात्रीच ठरवता येते. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की कमी दाबाचे क्षेत्र डाव्या हाताला असते. हा जुना नियम किनाऱ्यावर उभ्या उभ्या प्रणाली कुठे आहे हे ताडायला पुरेसा आहे.

उन्हाळ्यात न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर वाऱ्याचा आणखी एक परिणाम होतो, आणि तो न समजल्याने अनेकजण गोंधळतात. नैऋत्येचा वारा तीन-चार दिवस सलग वाहिला की पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागाचे कोमट पाणी किनाऱ्यापासून बाहेर ढकलले जाते आणि त्याच्या जागी तळाचे थंड पाणी वर येते. हवा तापलेली असते, वारा दक्षिणेचा असतो, दाब स्थिर असतो, आणि तरीही किनाऱ्याचे पाणी एक-दोन दिवसांत कितीतरी अंशांनी उतरते. जुलैमध्ये पाणी फार तापलेले असेल तर हा गारवा बासला किनाऱ्याजवळ आणू शकतो. जूनच्या सुरुवातीला तोच बदल मासे सुस्त करतो. ईशान्य वारा सुटला की कोमट पाणी परत येते. म्हणून वाऱ्याची आजची दिशा पुरेशी नाही, मागच्या तीन दिवसांची पाहावी.

वारा आणि प्रवाह परस्परविरुद्ध असतील तर लाँग आयलंडचे पूर्व टोक मोंटॉक पॉइंट किंवा लाँग आयलंड साउंडच्या पूर्व टोकाचा जोरदार प्रवाहाचा भाग, द रेस, अशा ठिकाणी उभ्या, तुटक लाटा तयार होतात. काठावरून मासे पकडणाऱ्याला त्या खळबळीचा फायदा होतो, लहान बोटीला तीच प्राणघातक ठरू शकते. केप कॉड कालव्यात मात्र प्रवाह चार नॉटच्या वर जातो. तिथे वारा दुय्यम आणि प्रवाह उलटण्याची वेळ सर्वस्व आहे.

तापमानाचा अधिकार सर्वांत मोठा

पाण्याचे तापमान १३ ते २० अंश सेल्सिअस, म्हणजे ५५ ते ६८ अंश फॅरनहाइट असताना बास सर्वांत चपळ असतो. दहा अंशांच्या खाली तो मंदावतो. त्यामुळे एकाच प्रकारची आघाडी वसंतात आणि शरदात उलट परिणाम करते, आणि बॅरोमीटरचे सरसकट नियम चुकण्याचे मुख्य कारण हेच आहे. ऑक्टोबरमध्ये थंड वाऱ्याने पाणी २१ अंशांवरून १८ ला आले तर मासा पेटून उठतो. एप्रिलमध्ये न्यू जर्सीजवळच्या रॅरिटन उपसागराच्या उथळ भागात पाणी ११ वरून ८ अंशांवर गेले तर दाब कितीही सुंदर उतरलेला असो, गळ कोरडाच राहतो. वसंतात आघाडी गेल्यानंतरच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या उन्हाळलेल्या दुपारी, गडद चिखलाच्या पाणथळीवरून तापलेले पाणी ओहोटीबरोबर बाहेर येत असताना जावे. त्या वेळी दाब जास्त आणि स्थिर असतो, म्हणजे प्रचलित समजुतीच्या बरोबर उलट परिस्थिती.

चेसापीकच्या उपनद्यांत आणि हडसन नदीत अंडी घालण्यासाठी चढणारा बास साधारण १४ ते २० अंशांच्या दरम्यान हे काम उरकतो. तिथे वादळापेक्षा पावसाने वाढलेले थंड पाणी अधिक महत्त्वाचे असते. अनेक उपनद्यांत त्या काळात मासेमारीवर बंदी किंवा कडक निर्बंध असतात, ते आधी पाहावेत.

जुलै-ऑगस्टमध्ये बर्म्युडाजवळ जास्त दाबाचे क्षेत्र ठाण मांडून बसले की आठवडाभर बॅरोमीटरची रेषा जवळपास आडवीच राहते. त्या दिवसांत दाबाकडे पाहणे सोडून द्यावे आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या रात्री, प्रवाह चालू असतानाचे तास निवडावेत.

धुके आणि पाऊस

मे-जूनमध्ये थंड पाण्यावर कोमट दमट हवा आली की दाट धुके पडते. दाबात विशेष बदल नसतो, पण उजेड दिवसभर मंद राहतो आणि बास भर दुपारी पृष्ठभागावर खाताना दिसतो. काठावरून मासे पकडणाऱ्यासाठी ही अत्यंत अनुकूल हवा आहे. रिमझिम पाऊसही चांगला. मोठ्या पावसानंतर नदीचे गढूळ पाणी आणि समुद्राचे स्वच्छ पाणी यांच्यामध्ये जी रेघ दिसते तिच्या स्वच्छ बाजूला आमिष टाकावे.

अंतर्गत जलाशयांतला बास

टेक्सास-ओक्लाहोमा सीमेवरचे टेक्सोमा, व्हर्जिनियातले स्मिथ माउंटन आणि दक्षिण कॅरोलायनातले सँटी-कूपर अशा जलाशयांत हा मासा समुद्राशिवाय राहतो. तिथे भरती-ओहोटी नसल्याने पाणी हलवण्याचे काम धरणाचा विसर्ग सोडल्यास वाराच करतो. एकाच दिशेने दिवसभर वारा वाहिला की सूक्ष्म जीव आणि त्यांच्या मागोमाग शॅड मासे वाऱ्यासमोरच्या काठाकडे ढकलले जातात. बास तिथेच शोधावा. आघाडीनंतरच्या निरभ्र, निर्वात दिवशी तो खोल जातो आणि आमिष सावकाश, उभ्या रेषेत द्यावे लागते. भर उन्हाळ्यात वरचे पाणी अति उष्ण आणि खालचे प्राणवायूविना, अशा कात्रीत मोठे मासे अडकतात. त्या काळात पकडून सोडलेला मासाही बहुधा वाचत नाही.

मासा आणि माणूस, दोघांची सुरक्षितता

उष्णतेचा हा मुद्दा चेसापीकलाही लागू आहे. मेरिलँडचा नैसर्गिक संसाधन विभाग उन्हाळ्यात हवेच्या अंदाजित तापमानानुसार दिवसांना हिरवा, पिवळा आणि लाल रंग देतो. ९० ते ९४ अंश फॅरनहाइटच्या पिवळ्या दिवशी सकाळी दहापूर्वीच मासेमारी उरकण्याचा आणि ९५ किंवा त्याहून जास्त तापमानाच्या लाल दिवशी बासच्या मागे न जाण्याचा सल्ला असतो. हा सल्ला आपल्या राज्यात लागू नसला तरी पाळावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. १९८५ ते १९९० या काळात मेरिलँडला या माशावर पूर्ण बंदी घालावी लागली होती, इतका तो संपत आला होता. आज समुद्रकिनाऱ्यावरच्या हौशी मासेमारीत २०२३ पासून २८ ते ३१ इंचांदरम्यानचा एकच मासा ठेवता येतो, नैसर्गिक आमिषाला वर्तुळाकार गळ सक्तीचा आहे आणि किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे बास पकडता येत नाही. नियम राज्याराज्यांत वेगळे असतात आणि बदलतातही. हंगामाच्या सुरुवातीला आपल्या राज्याचे नियम वाचून घ्यावेत.

माणसाच्या बाबतीत विजेचा धोका पहिला. ग्रॅफाइटची काठी विद्युतवाहक असते. मेघगर्जना ऐकू आली की काठी खाली ठेवून गाडीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे. छातीपर्यंतच्या वेडर्सवर (पाण्यात उतरण्यासाठीच्या जलरोधक पोशाखावर) कमरेचा पट्टा घट्ट बांधलेला असावा, आणि ओल्या दगडांवर खिळ्यांचे तळवे असल्याशिवाय पाऊल ठेवू नये. वारा २५ नॉट किंवा लाटा ५ फुटांवर जाण्याचा अंदाज असेल तेव्हा अटलांटिक किनाऱ्यावर सर्वसाधारणपणे लहान बोटींसाठी इशारा दिला जातो. तो असताना दाबाची घसरण कितीही मोहक वाटली तरी बोट काढू नये.

आदल्या रात्रीचा अभ्यास

माझा क्रम असा असतो. आधी बोयावरचे पाण्याचे तापमान पाहायचे; ते योग्य पट्ट्यात नसेल तर बाकीचे पाहण्यात अर्थ नाही. मग भरती-ओहोटीचे वेळापत्रक काढून प्रवाह चालू असण्याचे तास आणि पहाट, संध्याकाळ किंवा रात्र कुठे एकत्र येतात ते शोधायचे. त्यानंतर वाऱ्याचा अंदाज घेऊन किनारा निवडायचा. दाबाचा आलेख सर्वांत शेवटी, पण त्याचे काम महत्त्वाचे : अंदाजात सांगितलेला बदल वेळेवर येतो आहे, लवकर की उशिरा, हे तोच सांगतो. आघाडी रात्री बाराला येणार असे भाकीत असताना संध्याकाळी सहालाच दाब तीन तासांत तीन हेक्टोपास्कल उतरला असेल, तर ती घाईत आहे; रात्रीचा बेत संध्याकाळवर आणावा.

वहीत नोंद ठेवणाऱ्याने मासा मिळाला त्या दिवसाइतकीच काळजीपूर्वक रिकाम्या दिवसाची नोंद करावी, नाहीतर वादळाच्या तोंडावर मुद्दाम गेलेल्या फेऱ्यांचीच संख्या वाढते आणि दाबाचा परिणाम आहे त्याहून मोठा दिसू लागतो. प्रत्येक नोंदीत दाबाबरोबर त्याचा तीन तासांतला फरक, मागच्या तीन दिवसांचा वारा, पाण्याचे तापमान व रंग, ओहोटीचा कितवा तास आणि पाण्यात कोणते लहान मासे दिसले, एवढे तरी असावे; मासा कोणत्या मिनिटाला लागला हेही लिहावे, कारण प्रवाह उलटण्याची वेळ आणि ते मिनिट यांच्यातले अंतर पुढच्या हंगामात त्याच जागेसाठी थेट वापरता येते.